पुढच्या फळीवर नुसतं बसायचं

…आणि वर मलाच विचारतात, "तू हललीस का?" हललीस का म्हणे! अहो, खाली समुद्र हलतोय, समुद्रावर होडी हलतेय, होडीत ते इंजिन थडथड करतंय, इंजिनाचा दांडा धरलेला तुमचा हात थरथरतोय, आभाळसुद्धा एकदा इकडे कलंडतंय नि एकदा तिकडे… आणि हलायचं नाही कुणी? तर मी! का? तर मी वजन आहे. होय हो, वजन! तुम्हाला सांगते, एवढ्या वर्षांच्या संसारात या माणसाने माझ्या वजनाबद्दल अवाक्षर काढलं नव्हतं, आणि काढलं ते कुठे, तर भर धक्क्यावर, जाळी विणत बसलेल्या माणसांच्या घोळक्यात. "तुला काही करायचं नाही गं. तू फक्त बस."

तू फक्त बस! आणि मी वेडी, म्हटलं, बसते.

आता तुम्ही म्हणाल, बाई, तू गेलीसच कशाला? तुला पोहता येतं? नाही. समुद्राची हौस? छे! भरल्या बादलीत वाकून बघितलं तरी मला गरगरतं. मी शिवणकाम करणारी बाई. पाय मशीनच्या पायट्यावर, डोळे सुईवर, आणि खाली जमीन कशी घट्ट! पण मूळ दुखणं निराळंच आहे, ते सांगितल्याशिवाय आमची होडी काही धक्का सोडायची नाही.

मूळ दुखणं म्हणजे, आमचे हे निवृत्त झाले. जन्मभर बस चालवली. आता बस गेली, पण चालवणं काही जाईना. स्वयंपाकघरातून बाहेरच्या खोलीत वळताना आधी मान उजवीकडे, मग डावीकडे, मग वळायचं. मी मध्ये आले तर तोंडाने हॉर्न! झोपेत करकचून ब्रेक मारायचे, तो कुठे लागायचा? माझ्या पोटरीला! मी आपली कुरकुर करायचे, "अहो, डेपोत लागलीय हो गाडी, आता तरी उतरा!"

आणि एक दिवस खरंच उतरले. हॉर्न बंद, ब्रेक बंद. पलंगावर आडवे, आणि नजर वर पंख्याकडे. पंखा चालू असला तरी, बंद असला तरी. दाढी वाढलेली. चहा ठेवावा तर गार होऊन साय धरायचा. लेकीचा फोन आला की, "हं… हं… बरं… आईला देतो." लेक मला म्हणते, "आई, बाबांना कशात तरी गुंतव ना!" गुंतव म्हणे! बटण आहे का ते, काजात घातलं की गुंतलं? मी मशीनवर बसायचे, पण टाका सरळ पडेना. कान सगळा आतल्या खोलीकडे. तो पोटरीवरचा ब्रेक परवडला हो, पण ही शांतता नको! माणूस घरात आणि घर मात्र ओस, असं कधी झालंय का तुमच्याकडे? होऊ नये.

आणि अशात ते गुडघेकाका भेटले. नाव त्यांचं काय ते मला आजही माहीत नाही, दोन्ही गुडघे गेलेत म्हणून सगळे गुडघेकाका म्हणतात, आणि तेही ओ देतात. जन्म गेला त्यांचा एका छोट्या होडीवर, आणि आता त्यांना होडीत पाय टाकवेना. होडी पालथी पडलेली. हे आपले पाय मोकळे करायला गेले, मीच ढकललं होतं, आणि परत आले ते चक्क बोलत! "अगं, त्या होडीला मागे बसून दांड्याने वळवायचं असतं… अगं, इंजिन एवढंसं असतं, पण आवाज ऐकशील तर…" मी हातातली कात्री खाली ठेवली. किती दिवसांनी वाक्याला वाक्य जोडलं गेलं होतं! दुसऱ्या दिवशी दाढी केली. तुम्हाला सांगते, मला तर रडूच आलं, पण म्हटलं आत्ता नको, गालावर अजून साबण आहे त्यांच्या.

पण एवढं सरळ कुठलं? गुडघेकाकांचा एक पुतण्या आहे, त्याचं हॉटेल आहे. त्याला ती होडी हवी होती. मासे पकडायला? छे हो! मधोमध कापून हॉटेलच्या दाराशी दोन्हीकडे उभी करायची, आणि आत कुंड्या लावायच्या! शोभा! काकांनी त्याला नाही म्हटलं नव्हतं आणि हो पण म्हटलं नव्हतं. आता तो दुसऱ्या दिवशी दुपारी टेम्पो घेऊन येणार होता. तेव्हा काका यांना म्हणाले, "सकाळी एक फेरी मारून दाखवा. होडी धड परत आणा, आणि दोघांच्या पोटापुरता मासा आणा. आणलात तर होडी तुम्ही चालवा. नाहीतर जाऊ दे बिचारी कुंड्यांत. निदान कुणी बुडणार तरी नाही."

मग यांनी विचारलं, "दुसरं कोण पाहिजे बरोबर?" कारण काय, की एकटा माणूस मागे बसला तर होडीचं नाक उचलतं वर, आणि समोरचं काही दिसत नाही. पुढे वजन लागतं. काका म्हणाले, "रेतीची गोणी चालते. पण नवख्याला मी गोणी देत नाही. गोणी बुडाली तरी ओरडत नाही. ओरडणारं वजन आणा."

आणि हे जे माझ्याकडे बघून हसले ना…! अहो, इतक्या दिवसांनी हसले, मी काय नाही म्हणणार होते?

"तुला काही करायचं नाही. तू फक्त बस."

बसते म्हटलं. पण रिकामं कसं बसायचं? मी सोबत शिवणाची पिशवी घेतली. शाळेच्या स्नेहसंमेलनात पोरांचा चांदण्यांचा नाच होता, त्यांचे चंदेरी झगे हातशिलाईला आले होते, म्हटलं, तेवढीच दुमड घालून होईल. काकांनी वर नारिंगी जाकीट चढवलं माझ्यावर, जीव वाचवायचं. मी आधी त्याची शिवण बघितली. अहो, इतकी विरळ! म्हटलं, काका, हे जाकीट माझा जीव वाचवणार की मी याचा? धक्क्यावर काकू उभ्या होत्या, गुडघेकाकांच्या बायको. बारीकशा, न बोलणाऱ्या. एवढंच म्हणाल्या, "पुढच्या फळीवर बस, बाई. आणि उठू नकोस."

जन्मभर ती फळी त्यांची होती, हे मला मागाहून कळलं.

निघालो. निघालो म्हणजे काय, इंजिन सुरू झालं, मी दोन्ही हातांनी फळी घट्ट धरली, आणि होडी सुटली ती थेट चुकीच्या दिशेला! काकांनी बजावून सांगितलं होतं यांना, "दांडा इकडे ढकलला की होडी तिकडे जाते, लक्षात ठेवा." "कळलं, कळलं!" म्हणाले होते. डोक्याला कळलं हो, पण हाताला कुठे कळलंय? हाताला जन्मभराचं स्टिअरिंग माहीत! उजवीकडे जायचंय, ढकलला दांडा उजवीकडे, होडी चालली डावीकडे. मग घाबरून आणखी उजवीकडे, होडी आणखी डावीकडे! समोर एक नांगरलेली होडी, तीत एक माणूस निवांत दात घासतोय. हे तोंडाने हॉर्न वाजवतायत. पाय खाली ब्रेक शोधतोय, ब्रेक म्हणून दाबतोय पाणी उपसायचा डबा, तो झाला चपटा! आणि तो माणूस तोंडात ब्रश धरून ओरडतोय, "ओ डायवर! गाडी मागं घ्या! मागं घ्या!" मागं कुठून घेणार?

"अगं, हलू नकोस!" हे ओरडले. मी? मी हलतेय?

त्या माणसाने ब्रशसकट दोन्ही हातांनी आमचं नाक ढकलून दिलं, म्हणून वाचलो. धक्क्यावर हसण्याची नुसती लाट. मी म्हटलं, पुरे! मरायचंच असेल तर समोर बघत तरी मरायला नको. काकूंनी उठू नकोस म्हटलं होतं, मी उठले नाही, बसल्या बसल्या फिरले. समुद्राकडे पाठ, तोंड यांच्याकडे. तरी जीव थोडाच राहतो? मानेला पीळ देऊन मागे बघितलं तर परत दोन होड्या, आणि माझ्या उजव्या हाताला मोकळी जागा. मी किंचाळले, "उजवीकडे! उजवीकडे घ्या हो!"

यांनी दांडा उजवीकडे ढकलला.

आणि होडी त्या मोकळ्या जागेतून अशी सुळकन गेली, जशी धारदार कात्री नव्या कापडातून!

मग मी जरा घाबरतच म्हटलं, "आता डावीकडे." दांडा डावीकडे. होडी बरोबर! हे माझ्याकडे बघतायत, मी यांच्याकडे बघतेय. झालं होतं असं, की मी उलटी बसलेली, म्हणजे माझं उजवं ते यांचं डावं. आणि हे दांडा उलटा ढकलणार, म्हणजे यांनी उजवीकडे ढकलला की होडी डावीकडे, म्हणजे माझ्या उजवीकडे! माझी चूक, यांची चूक, आणि होडी सरळ! मला सांगा, कुठल्या शाळेत शिकवतात हे?

"आता अशीच बस," हे म्हणाले. "फक्त बस आणि सांगत राहा."

बघा, लगेच काम वाढलं! बसायचं, सांगायचं, मान मागे वळवायची, परत पुढे, परत मागे. माझ्या मानेचा भोवरा झाला. आणि एवढंच नाही. काकांनी मासे कुठे असतात त्याची खूण सांगितली होती. किनाऱ्यावरची पाण्याची टाकी आणि तिच्यामागचं शाळेचं लाल छप्पर. टाकीच्या आड छप्पर पूर्ण लपलं की थांबायचं. आता किनारा कुणाला दिसतोय? उलटं कोण बसलंय? मीच! "स्टॉप आला का?" हे दर मिनिटाला विचारतायत. "नाही आला." "आता?" "अहो, थोडं छप्पर दिसतंय अजून!" "बघ नीट, स्टॉप पुढे गेला तर मला गाडी वळवायला लावू नकोस!" आणि आला एकदाचा स्टॉप. यांनी इंजिन बंद केलं, नांगर उचलला, आणि हँडब्रेक ओढल्याच्या रुबाबात दिला समुद्रात भिरकावून!

दोर सरसर सरसर पळाला… आणि खाटकन ताणला. यांचा चेहरा तेव्हा पांढरा पडला. "अगं, दोराचं दुसरं टोक… मी बांधलं होतं का?"

नव्हतं. मी बांधलं होतं. काही कळून नव्हे हो! मोकळं टोक दिसलं की मला राहवत नाही. दोऱ्याला गाठ मारल्याशिवाय मी सुई हलवत नाही, धक्क्यावरच हात आपोआप गेला होता. मला फुशारकी मारायची होती, पण म्हटलं, राहू दे, यांचा चेहरा पांढरा आहे आधीच.

आणि बरं झालं नाही मारली! कारण पुढे मी काय केलं ते ऐका. माझ्या पायाशी एक डबा होता. त्याला असा वास, असा वास, की नाकात टाके घालावेत! झाकण उघडलं तर कुजकट, बुळबुळीत तुकडे. मी म्हटलं, शी! काकांचा जुना कचरा, काय ही होडीची अवस्था! हे तिकडे नांगराचा दोर आवळतायत. मी इकडे डबा हळूच पाण्यात उपडा केला, दोनदा विसळला, आणि जाकिटाला हात पुसून बसले. फक्त बसले!

हे वळले. गळाच्या दोऱ्या सोडवल्या, हात पुढे केला. "दे."

"काय देऊ?"

"अगं, आमिष! गळाला लावायचं! तुझ्या पायाशी डब्यात होतं ना!"

तुम्हाला सांगते, त्या क्षणी ते विरळ शिवणीचं जाकीट काढून स्वतःच पाण्यात उतरावं, असं मला वाटलं. मी म्हटलं, "ते… तो डबा… मी घासून ठेवलाय."

ओरडले असते तर चाललं असतं. मला ओरडलेलं सोसतं. पण ते ओरडलेच नाहीत. दोरी खाली ठेवली, फळीवर बसले, आणि मान वर. आभाळाकडे. तिथे पंखा नव्हता, पण नजर तीच हो, तीच! ओठ तसेच मिटलेले. इतकी वर्षं काय झालं, हे बस चालवायचे तेव्हा मला दिसायची पाठ, घरी आले की दिसायचं वर्तमानपत्र, नंतर पंख्याकडे लागलेली हनुवटी. त्या होडीत उलटी बसले म्हणून मला त्यांचा चेहरा असा समोर, इतका वेळ दिसत होता. आणि तो माझ्यासमोर, एकेक दिवा मालवावा तसा मालवत चालला होता. दुपारी टेम्पो येणार, होडी कापणार, कुंड्या लागणार, आणि हे परत पलंगावर!

आणि मी फक्त बसायचं? कशी बसू?

मी पिशवी उपसली. सुई, दोरा, मेणाचा खडा, हुक-बटणं… आणि तो चंदेरी झगा. उन्हात असा चमकला, की मलाच डोळे मिटावे लागले. काय सुचलं कुणास ठाऊक. शिवणीच्या आत जादा कापड सोडतात ना, त्या मायेतली एक पट्टी कात्रीने कापली, तिला कातरून झालर केली, आणि गळाला दुहेरी दोऱ्याने टाका घालून टाकला. हे बघतायत. "हे काय करतेस?" "चांदणी करतेय. टाका पाण्यात." "अगं, मासे काय स्नेहसंमेलनाला आलेत?" "टाका म्हटलं ना!"

टाकली. दोरी खाली गेली न गेली तोच असा हिसका बसला, की हे पुढे आणि त्यांची टोपी मागे! ओढलं वर, तर बांगडा! जिवंत, तडफडणारा, निळा-हिरवा, आणि तोंडात माझी झालर! कारण ऐका, मी तो डबाभर कचरा ओतला होता ना? तो खायला सगळा थवाच आमच्या होडीखाली जमला होता. जेवण मी आधीच वाढून ठेवलं होतं, आता जे चमकेल त्याच्यावर ते झडप घालत होते. "अगं, आणखी चांदण्या कर!" हे ओरडतायत, मी कातरतेय, टाका घालतेय, मासा माझ्या मांडीवर उडतोय, मी किंचाळतेय, "अहो, झग्यावर नको, झग्यावर नको!", आणि हे हसतायत! आवाजाने! घशातून! गाडीला स्टार्टर मारल्यासारखं आधी खर्र खर्र, आणि मग एकदम सुरू.

परत येताना माझी मान मोडली, पण होडी सरळ आली. धक्क्यावर टेम्पो उभा. पुतण्याने कुंड्यासुद्धा आणल्या होत्या बरोबर, मापाला. म्हणाला, "काका, आपलं ठरलंय." काका त्याच्याकडे बघेनात, माशांकडेही बघेनात. होडीचं नाक तेवढं बघत होते. मग म्हणाले, "नाक खाली आहे. वजन बरोबर बसलंय. कुंड्या परत ने बाबा."

काकूंनी मला हात देऊन वर घेतलं. मी नखशिखान्त खवल्यांनी चमकत होते, झग्यापेक्षा जास्त. मी म्हटलं, "काकू, मी फक्त बसायला गेले होते हो." काकू म्हणाल्या, "मी पण." आणि वळून चालू लागल्या. बस्स, एवढंच.

आता तुम्हाला वाटेल, संपलं. मलाही वाटलं होतं! कारण गुडघेकाका मोठ्या मनाने म्हणाले, "आता हे नवखे नाहीत. उद्यापासून रेतीची गोणी घेऊन जा. ताईंना विश्रांती." अहो, काकांच्या पायाच पडणार होते मी, पण म्हटलं, गुडघ्यांना धक्का लागायचा. दुसऱ्या सकाळी यांनी गोणी खांद्यावर घेतली, नि गेले. मी मशीनवर बसले. झग्यांची माया संपली होती, ती कुठून तरी जोडायची होती. बसले. पण पायटा हलेना. उठले, खिडकी उघडली. परत बसले. उठले, पाणी प्यायले. परत बसले, सुईत दोरा ओवला, गाठ मारायची विसरले. मी! गाठ विसरले! मग म्हटलं, जरा पाय मोकळे करून येते, आणि पाय जे मोकळे झाले ते धक्क्यावरच जाऊन थांबले.

तिथे सगळे उभे राहून समुद्राकडे बघत होते. आणि समुद्रात आमची होडी गोल गोल फिरत होती! एका जागी! डेपोत जागा शोधावी तशी! पुढच्या फळीवर गोणी शिस्तीत बसलेली, अजिबात हलत नव्हती. आणि मागे हे, तोंडाने हॉर्न वाजवत, दांडा उजवीकडे, आणखी उजवीकडे… आणि दात घासणारा तो माणूस आपल्या होडीतून शांतपणे म्हणत होता, "आली, परत आली."

मी धक्क्याच्या टोकाशी गेले, तोंड त्यांच्याकडेच होतं, आणि सगळा जोर लावून ओरडले, "डावीकडे घ्या!"

होडी सरळ धक्क्याला आली.

हे मला "ये" म्हणाले नाहीत. "चल" म्हणाले नाहीत. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. गोणी उचलली, धक्क्यावर ठेवली. खांद्यावरचा पंचा काढला, आणि पुढची फळी पुसली. एकदा पुसली, मग कोपरे पुसले, परत एकदा पुसली. आणि मग नुसते उभे राहिले, फळीकडे बघत.

मी म्हटलं, "बसते."

तर हे असं आहे. आता ती गोणी आमच्या दाराशी असते. शेजारची मांजर तिच्यावर पाय पोटाशी घेऊन झोपते. रोज पहाटे मी जाकीट चढवते. शिवण मीच परत दुहेरी घातली आहे. पिशवीत चंदेरी चिंध्या भरते, मानेला तेल चोळते, आणि दार ओढताना त्या गोणीकडे बघते. कशी निवांत, जागची हलत नाही, तिला कुणी काही विचारत नाही, सांगत नाही… तुम्हाला सांगते, ते नुसतं बसायचं काम शेवटी तिलाच मिळालं हो!